डावी बाही

बटण पडलं ते नेमकं मुख्याध्यापिकाबाईंच्या आ वासलेल्या तोंडात. रोग्याच्या घशात काहीतरी निसटेल याची धास्ती दातांच्या प्रत्येक डॉक्टरला असते, पण ते काहीतरी म्हणजे कापसाचा बोळा, तुटलेला दात, फार तर एखादी बारीक सुई. स्वतःच्या कोटाचं बटण कुणाच्या हिशेबात नसतं. तिच्या पांढऱ्या कोटाच्या मनगटावरचं हे बटण गेले कित्येक दिवस एका दोऱ्यावर लोंबत होतं. ते लोंबतंय हे तिला ठाऊक होतं, आणि रोज सकाळी कोट चढवताना ‘आज घरी गेल्यावर नक्की’ असं ती स्वतःला बजावत होती. आता ते बाईंच्या जिभेच्या कडेला जाऊन टेकलं. तिनं चिमट्यानं ते उचललंही, बाईंना कळायच्या आत उचललं, पण तेवढ्यात तिच्या पाठीवरून घामाची एक धार सरळ खाली उतरली. मुख्याध्यापिकाबाईंनी चूळ भरली आणि विचारलं, “काय होतं ते?” ती म्हणाली, “बटण.” “कुणाचं?” “माझं.” वर्गात उशिरा आलेल्या मुलीकडे बघावं तसं बाईंनी तिच्याकडे बघितलं. “मग लावून घ्या,” त्या म्हणाल्या, आणि त्यांनी पुन्हा आ केला.

लावून घ्या. सांगायला काय जातं. तशी ती हातानं अनाडी नव्हती. हिरडीला टाके घालायचे असले की दुसऱ्या डॉक्टरांचे रोगीसुद्धा तिच्याकडे यायचे, आणि टाके घालताना तिचा हात कधी थरथरला नव्हता. पण ते टाके वाकड्या सुईचे, चिमट्यात धरून घातलेले, आणि जखम भरली की काढून टाकायचे. टिकायचे टाके तिला येत नव्हते. मुळात ती डावरी. दवाखान्यातली खुर्ची, वरचा दिवा, पाण्याची नळी, हत्यारांची ताटली, सगळं तिनं हट्टानं उलट्या बाजूला बसवून घेतलं होतं, आणि तिच्या सुट्टीत बदली डॉक्टर आला की त्याची भंबेरी उडायची. कामाच्या ठिकाणी तिनं जग आपल्या बाजूला वळवून घेतलं होतं. सुईच्या बाबतीत मात्र तिनं लहानपणीच शस्त्रं खाली ठेवली होती. आई तिला शेजारी बसवायची आणि म्हणायची, अशी सुई घाल, अशी काढ. ती तशीच घालायची, पण आईची सुई ज्या बाजूनं यायची त्या बाजूला हिचा हात नसायचाच, मग दोरा गुरफटायचा, गाठ बसायची, आणि आई म्हणायची, अगं असं नाही, असं. या ‘असं’ आणि ‘असं’मधला फरक तिला आजतागायत समजला नव्हता. शाळेत शिवणाच्या बाईंनी तिचा रुमाल दोन बोटांत धरून सगळ्या वर्गाला दाखवला होता. शेवटी आईनं हात टेकले. ‘हिच्या हाताला शिवण नाही’ हे वाक्य आई मावशीला सांगायची, शेजारणीला सांगायची, आल्यागेल्याला सांगायची, आणि सांगताना त्यात राग नसायचा, हिचे केस कुरळे आहेत म्हणावं तितक्या सहज ती ते म्हणायची. हिनंही ते तसंच मानून घेतलं. उसवलं की खालच्या शिंप्याकडे द्यायचं, नाहीतर टाकून द्यायचं. इतकी वर्षं काही बिघडलं नव्हतं, आणि आता एका परक्या बाईच्या जिभेवर ते सगळं येऊन पडलं होतं.

संध्याकाळी ती बटण मुठीत घेऊन घरी आली तेव्हा सासूबाई खिडकीशी बसल्या होत्या. त्या रोजच तिथं बसायच्या, पण बसणंही असं की उठल्यावर तिथं कुणी बसलं होतं याचा मागमूस राहू नये. उशी पुन्हा फुगवलेली, वर्तमानपत्र पुन्हा घडी केलेलं. त्या इथं तात्पुरत्या आल्या होत्या. सासरे गेले, मग जन्मभर भाड्यानं राहिलेलं घर मालकानं आपल्या मुलांसाठी मागून घेतलं, सामान इथंतिथं वाटलं गेलं, आणि नणंदेकडे वरची खोली रंगवून होईपर्यंत सासूबाई इथं मुलाकडे राहतील असं ठरलं. कुणी ठरवलं हे आता कुणालाच सांगता आलं नसतं. घरातल्या गोष्टी ठरतात तसं ते ठरलं होतं. “आईचं एक बरं आहे,” नवरा म्हणायचा, “ती कुठंही रमते.” आणि खरंच तसं दिसायचं. गादी कडक आहे का विचारलं, रात्री लिफ्टचा आवाज येतो का विचारलं, आमच्याकडचा चहा फिका होतो का विचारलं, की सासूबाईंचं उत्तर एकच असायचं: “सवय होते.” दिवा लावू का, नळ बंद करू का, ही खुर्ची इकडे ओढली तर चालेल ना, असं त्या प्रत्येक गोष्टीला विचारत. खोटं कशाला बोला, तिला या ‘चालेल ना’चा वीट आला होता. नणंदेची खोली लवकर रंगून व्हावी असं तिला मनातून वाटत होतं, आणि असं वाटतंय याची लाजही वाटत होती. त्यामुळे ती सासूबाईंशी जरा जास्तच गोड बोलायची.

“आई, बटण लावता येतं का तुम्हाला?” तिनं विचारलं, आणि विचारल्यावर आपण किती मूर्खासारखं विचारलं ते तिला कळलं. सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी सामानातून एक चपटा डबा काढला, सुईत दोरा ओवला, टोकाशी गाठ मारली. ती कोट पुढे करून उभी होती, दुसऱ्या हातात चहाचा कप. सासूबाईंनी कोटाकडे बघितलं, मग कप धरलेल्या तिच्या डाव्या हाताकडे, आणि ओवलेली सुई तिच्याच पुढे केली. “तू लाव. मी सांगते.” “मला नाही येत. मी डावरी आहे.” “ते दिसतंय की,” सासूबाई म्हणाल्या. मग त्यांनी एक गोष्ट केली, जी तिच्या आईला, शिवणाच्या बाईंना, कुणालाच सुचली नव्हती. त्यांनी आपली खुर्ची उचलली आणि शेजारी नाही, समोर आणून ठेवली. इतकी समोर की दोघींचे गुडघे एकमेकींना लागायला आले. “चालेल ना?” त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता दुसरी सुई घेऊन बसल्या. “मी करीन तसं कर. आरशात बघून भांग पाडतेस, तसं समज.” आणि त्यांच्या उजव्या हातातली सुई कापडात शिरली तशी तिच्या डाव्या हातातली शिरली, त्यांची वर आली तशी हिची वर आली. कुठंही आडवं आलं नाही, उलटं फिरवावं लागलं नाही. बटणाखाली काडेपेटीची काडी ठेवायची म्हणजे ते फार आवळत नाही, मग काडी काढून दोऱ्याचे वेढे घालून त्याला मान करायची, हे सगळं तिनं त्यांच्या हातांकडे बघून केलं. बटण बसलं. तिनं ते ओढून बघितलं, पुन्हा ओढून बघितलं. “तोडतेस का आता?” सासूबाई म्हणाल्या. तिला हसू आलं, आणि त्याच वेळी डोळ्यांत पाणीही आलं, ते कशासाठी आलं हे तिला नीट उमजलं नाही. इतक्या वर्षांचं ते वाक्य, हिच्या हाताला शिवण नाही, ते खोटं होतं. एक खुर्ची हलवायची होती, बस.

त्यानंतर दवाखान्यातून परतल्यावर ती कपडे बदलायच्या आधी खुर्ची ओढायची. आधी रुमाल झाला. साधा धावदोरा, सुई खाली, सुई वर, पण तो सरळ जाता जाईना. सासूबाई म्हणाल्या, कापडालाच विचार ना सरळ कुठं आहे ते, आणि त्यांनी कडेला सुईच्या टोकानं एक धागा उचलून हलकेच ओढला. धागा सुरकुत्या घेत घेत सबंध बाहेर आला आणि त्याच्या जागी कापडात एक बारीक पोकळ रेघ उमटली, पट्टीनंही आखता येऊ नये इतकी सरळ. हिच्यावरून काप, त्या म्हणाल्या. ती कात्री हातात धरून बघतच राहिली. जन्मभर ती कपडे घालत आली होती आणि कापडाच्या पोटात अशा रेघाच रेघा असतात हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. सासूबाईंचं सगळंच असं. त्या फार बोलत नसत, पण जे बोलत ते वेळेवर आणि कामापुरतं. नोकरी त्यांनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये केली होती, ‘थांबा हं, जोडून देते’ म्हणण्यात आयुष्य गेलं होतं, आणि अजूनही त्यांच्या बोलण्यात ते होतं, आपण पलीकडे कुणाची तरी वाट बघतोय आणि आवाज चढवून काही लवकर होत नाही हे माहीत असल्यासारखं. त्यांनी शिवलेलं उलटून बघितलं तर पाठही पुढच्या बाजूइतकीच नेटकी असायची. गाठी कुठं गेल्या ते शोधावं लागायचं. रोग्याच्या मागच्या दाढेत, जिथं कुणी कधी बघणार नाही तिथंही ती स्वतः असंच घासूनपुसून भरायची, आणि हे एक त्या दोघींमध्ये सारखं आहे हे लक्षात आल्यावर तिला विनाकारण फार बरं वाटलं. मागच्या महिन्यात जी बाई तिला घरातल्या जास्तीच्या खुर्चीसारखी वाटत होती, तिच्या बोटांकडे ती आता शिकाऊ असताना मोठ्या डॉक्टरांच्या हातांकडे बघायची तसं बघत होती.

उशीचा अभ्रा शिवताना गंमत झाली. अभ्रा मांडीवर पसरून ती इतकी तल्लीन झाली की शेवटची गाठ मारून मोठ्या रुबाबात उठली, आणि अभ्र्याबरोबर तिचा गाऊनही उठला. एक अख्खी बाजू तिनं स्वतःच्या गाऊनला शिवून टाकली होती. नवरा दारातून म्हणाला, “असंच दवाखान्यात जा आता, रोग्यांना झोपायला घरून उशी आणल्यासारखं होईल.” सासूबाई हसल्या. तोंडाला हात न लावता, डोळे मिटून, खांदे गदगदवत हसल्या, आणि मग म्हणाल्या, “डॉक्टर, आजवरचे तुझे सगळ्यात सारखे टाके आलेत हे. उसवायला जीव होत नाही.” त्या दिवसापासून त्या तिला डॉक्टरच म्हणू लागल्या. तेव्हाच कधीतरी नणंदेचा फोन आला की रंग वाळलाय, पडदे लागले की शनिवारी येऊन आईला घेऊन जाते, आणि फोन ठेवून ही शनिवारपर्यंतचे दिवस बोटांवर मोजत बसली. हेच तर हवं होतं की तुला, तिनं स्वतःला म्हटलं. स्वतःला असं म्हणून काही उपयोग झाला नाही. तिनं सासूबाईंना निरोप सांगितला. “बरं झालं,” सासूबाई म्हणाल्या. “तिथं मुलांचा गोंधळ असतो. पण सवय होते.”

शनिवारच्या आदल्या रविवारी दुपारी त्या दोघी टेबलक्लॉथ घेऊन बसल्या होत्या. जाडसर निळं कापड, कडेनं पांढरी वेल काढायची, वेलीला साखळी टाका. साखळीत सुईच्या टोकाखाली दोऱ्याचा फास धरून ठेवायचा आणि मग सुई ओढायची, म्हणजे एकात एक कड्या गुंफत जातात. तिच्या कड्या पिळवटून निघत होत्या. सासूबाईंनी पुन्हा दाखवलं, पुन्हा हिची कडी पिळली. फास कुठल्या बाजूनं टाकायचा ते समोरून नीट दिसत नव्हतं. “थांब,” सासूबाई म्हणाल्या, “तुझ्या बाजूनं करून बघते,” आणि त्यांनी सुई डाव्या हातात घेतली. ती बघत होती म्हणून तिला दिसलं. हातांकडे बघणं हा तिचा धंदाच होता, कोण नवखा, कोण मुरलेला, हे तिला हत्यार उचलण्यावरून कळायचं. सासूबाईंचा उजवा हात कधी चुकत नसे, पण तो शिकून घेतलेली भाषा बोलणाऱ्या माणसासारखा काम करायचा, प्रत्येक शब्द नीट, प्रत्येक शब्दाआधी किंचित थांबून. हे थांबणं तिला आजवर जाणवलंच नव्हतं, आता डावा हात चालायला लागल्यावर जाणवलं, कारण डावा हात थांबत नव्हता. फास पडला, सुई गेली, कडी बसली, पुढची पडली. लहान, सारख्या, गोबऱ्या कड्या वळण घेत वेलीवरून धावत गेल्या. सासूबाई स्वतःही त्यांच्याकडे जरा कौतुकानं बघत होत्या, आणि मग त्यांच्या लक्षात आलं. सुई जागच्या जागी थांबली. डावा हात टेबलक्लॉथखाली गेला, बाहेरून आलेल्या कुणाला दिसू नये तसा गेला.

“आई,” ती म्हणाली, “तुम्ही डावऱ्या आहात?”

“होते,” सासूबाई म्हणाल्या.

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, आणि दुसरं कुणीतरी त्याला ‘येऊ दे, येऊ दे’ म्हणत होतं. सासूबाईंनी कापडावरून हात फिरवला, उजवा. “माझी आई वाईट नव्हती हं,” त्या म्हणाल्या. “तिला आपलं वाटायचं, पुढं पोरीचं कसं व्हायचं, लोक नावं ठेवतील. आधी हात बांधून बघितला. तो मी दातांनी सोडवायचे. मग तिनं युक्ती काढली. फ्रॉकची डावी बाही बोटांच्याही खाली येईल इतकी लांब केली, आणि तिचं तोंड शिवून टाकलं. सकाळी अंगात घालायची आणि अंगावरच शिवायची. संध्याकाळी उसवायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा.” “रोज?” “रोज. सुरेख शिवायची गं ती. इतके बारीक टाके मी पुढं कुणाचे बघितले नाहीत. ते बघत बघतच तर मी शिवण शिकले. दिवसभर तेच डोळ्यांसमोर असायचं ना.” हे त्यांनी आईची तारीफ करायची म्हणूनच सांगितलं, त्यात कडवटपणा शोधूनही सापडला नसता. ती समोर बसून, हातातली सुई तशीच धरून ऐकत होती. “राग नाही यायचा तुम्हाला?” सासूबाईंनी खरंच आठवून बघितलं. “येत असेल,” त्या म्हणाल्या. “मग सवय झाली.” आणि थोड्या वेळानं, कुणी विचारलेलं नसताना, म्हणाल्या, “एक्स्चेंजमध्ये बरं वाटायचं. तिथं दोन्ही हात लागायचे. डावा कुठला, उजवा कुठला, कुणी बघत नव्हतं.”

त्या संध्याकाळी तिनं दवाखान्याच्या वह्या उघडल्या आणि तशाच मिटल्या. तिला राहून राहून ती लहान मुलगी दिसत होती, मांडीवर बोथट बाही घेऊन बसलेली आणि तिच्यावरचे टाके वाचणारी. आपण डावऱ्या म्हणून किती कुरकुर केली, खुर्च्या उलट्या बसवून घेतल्या, कात्र्या मागवल्या, आणि ही बाई परक्या हातानं सही करायला शिकली, भाकरी थापायला शिकली, आणि ज्या कामानं तिचा हात बंद केला तेच काम अशी शिकली की पाठ आणि पुढा सारखा दिसावा. कौतुकानं तिचा ऊर भरून आला, आणि त्या कौतुकातच काहीतरी खुपत राहिलं. सवय होते. गादीची सवय होते, लिफ्टची होते, फिक्या चहाची होते, नणंदेकडच्या मुलांच्या गोंधळाची होते. इतके दिवस ती या शब्दांचा अर्थ ‘हो’ असा घेत आली होती. घरातले सगळेच घेत आले होते. नवरा पलंगावर पाय पसरून पेपर वाचत होता, तिनं त्याला विचारलं, “आईंना ताईंकडे जायचंय का, कुणी विचारलंय त्यांना?” त्यानं पेपर खाली केला. “ठरलंय ना सगळं,” तो म्हणाला, “आणि आई काय, ती कुठंही रमते.” तो चांगला माणूस होता, आईवर त्याचा जीव होता, आणि त्याला काहीही दिसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिनंच विचारलं. विचारताना आपल्याला काय ऐकायचंय ते तिला पक्कं माहीत होतं, आणि ते ऐकू येणार याबद्दलही तिला फारशी शंका नव्हती. समोरासमोरच्या या दोन खुर्च्या, ही निळी वेल अर्धीच झालेली, ‘डॉक्टर’ ही हाक, एवढं सगळं होतं. “ताईंकडे जायचंय तुम्हाला?” “ठरलंय ना.” “ठरलंय ते राहू द्या. तुम्हाला कुठं राहायचंय?” सासूबाईंचा चेहरा दुसऱ्याच्या घरात अंधारात दिव्याचं बटण चाचपणाऱ्या माणसासारखा झाला. “मला असं कुणी विचारलं नाही गं,” त्या म्हणाल्या. “एकदम नाही सांगता येत. विचार करून सांगते.” त्यांनी विचार केला. सबंध दिवस केला असावा, कारण सांगितलं ते त्याच्या पुढच्या सकाळी, ती चपला घालत असताना. “बाजाराच्या मागच्या गल्लीत एका शिंप्याच्या दुकानावर खोली रिकामी आहे. मी भाजीला जाता-येता बघते. खिडकी रस्त्यावर उघडते. पेन्शन पुरेल मला.” ती एक चप्पल घालून उभी राहिली. “तिथं? एकट्या?” “एकटी,” सासूबाई म्हणाल्या. “राग मानू नकोस डॉक्टर. तुझ्या घरात मला काही कमी नाही. पण आधी आईचं घर होतं, मग यांचं, आता मुलांची. एकदा माझ्या हातानं मांडून बघायचंय मला. कुणाला न विचारता.” “बरं,” ती म्हणाली, आणि दार ओढून घेतलं.

त्या दिवशी दवाखान्यात तिनं मदतनीस बाईला दोनदा फटकारलं, आणि एका साध्या सरळ माणसाला दात नीट घासत नाही म्हणून इतकं सुनावलं की तो बिचारा ‘दुखायचं थांबलं’ असं सांगून उठून गेला. ती रुसली होती, आणि या वयात आपण रुसलो आहोत हे तिला चांगलं कळत होतं. इथं काही कमी नाही, तरी इथं नको. मग आपण विचारलंच कशाला? आणि हळूहळू, कुणाच्या तरी दाढेत भरण बसवताना, तिला तेही दिसलं की तिनं जे विचारलं त्यात विचारणं कमीच होतं. तिनं उत्तर आधीच शिवून ठेवलं होतं आणि त्यात त्यांनी फक्त हात घालायचा बाकी होता. हे लक्षात आलं तेव्हा तिला वाईट वाटलं, पण रुसवा काही लगेच गेला नाही. तो शनिवारपर्यंत थोडा थोडा पुरला. “मी सांगेन सगळ्यांना,” सासूबाई तिला म्हणाल्या होत्या. “तू मध्ये पडू नकोस. उगाच तुझ्यावर यायचं.”

शनिवारी नणंद आली ती घरात वारा शिरावा तशी आली. पडदे कुठले घेतले, पलंग भिंतीला का लावला, मुलांना दंगा न करण्याची कशी तंबी दिली, सगळं तिनं चपला काढता काढताच सांगून टाकलं, आणि त्यातल्या एका शब्दातही खोटी माया नव्हती. सासूबाईंची बॅग दाराशी तयार होती. ती चहा घेऊन आली आणि सासूबाईंकडे बघत राहिली. आता सांगतील, आता सांगतील. सासूबाईंनी एकदा तोंड उघडलंही. “मी काय म्हणते,” त्या म्हणाल्या, आणि नणंद म्हणाली, “तुझ्या औषधांचं ना? सगळं आणून ठेवलंय,” आणि सासूबाई म्हणाल्या, “बरं.” चहा झाला. नवऱ्यानं बॅग उचलली. सासूबाई उठल्या, उशी फुगवली, आणि तिला ते बघवेना. “आईंना तिथं यायचं नाहीये,” ती म्हणाली.

सगळे थांबले. नणंदेनं आईकडे बघितलं, मग भावाकडे, आणि तिच्या चेहऱ्यावर आश्चर्याच्या मागून हसू आलं. “म्हणजे इथंच राहायचंय? अगं मग बोलायचं ना आई. मी काय धरून नेतेय का तुला? राहा की इथं. हिनं माया लावलेली दिसतेय.” नवऱ्यानं बॅग पुन्हा खाली ठेवली आणि मोकळं होऊन म्हणाला, “उत्तमच झालं.” दोघंही तिच्याकडे इतक्या प्रेमानं बघत होती की तिला क्षणभर आपण खरंच कुणीतरी मोठी आहोत असं वाटलं. आणि सासूबाई, त्यांनीही तिच्याकडे बघितलं, आणि त्यांची मान हळूहळू हलायला लागली, ती होकाराची मान तिनं आता ओळखली होती. “चालेल,” त्या म्हणू लागल्या, “इथंही काय, मला...” तिनं फक्त गप्प बसायचं होतं. तिला जे हवं होतं ते सगळं आपण होऊन तिच्या ओटीत येऊन पडलं होतं. रोजची संध्याकाळ, समोरची खुर्ची, अर्धी राहिलेली वेल, डॉक्टर म्हणून हाक. कुणी तिला दोष दिला नसता, उलट सगळ्यांनी वाखाणलं असतं. आणि सासूबाईंनाही इथली सवय झाली असती, झालीच असती, त्यांनी त्यातही पाठ आणि पुढा सारखा राखला असता.

“नाही,” ती म्हणाली. “त्यांना इथंही राहायचं नाहीये.”

नणंदेचं हसू गेलं. “त्यांना,” ती सावकाश म्हणाली, “की तुला?” नवरा तिच्याकडे बघत होता. “अगं, काय बोलतेस तू हे?” तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात राग नव्हता, त्याला लागलं होतं. “वाटलंच मला,” नणंद म्हणाली. “चार दिवस कौतुक, आणि मग आईला घराबाहेर काढा.” हिचे कान तापले. मला त्या हव्यात, असं तिला ओरडून सांगावंसं वाटलं, तुम्हा दोघांपेक्षा जास्त हव्यात, त्या गेल्या की या घरात माझ्यासमोर बसणारं कुणी उरणार नाही. शब्द अगदी ओठांवर आले होते. पण ते बोलले की सासूबाई राहिल्या असत्या. तिला हवं आहे एवढं कळलं असतं तर त्या एकही अक्षर न बोलता पुन्हा खुर्चीत बसल्या असत्या, हे तिला स्वतःच्या नावाइतकं माहीत होतं. म्हणून ती बोलली नाही. नणंद जे म्हणत होती ते तिनं ऐकून घेतलं, नवरा जसा बघत होता तसं त्याला बघू दिलं, आणि खाली मान घालून ट्रेमधले कप उगाच एकात एक ठेवत राहिली. असं वाईट तिला पूर्वी कधी वाटलं नव्हतं, आणि आपण चुकत नाही आहोत याची इतकी खात्रीही कधी वाटली नव्हती.

“सांग ना,” नणंद तिला म्हणाली. “आता का गप्प? कुठं ठेवायचं म्हणतेस तू आईला?”

“तिला नको विचारूस,” सासूबाई म्हणाल्या.

आवाज चढला नव्हता. एक्स्चेंजमधला तोच आवाज होता, पण आज पलीकडच्याला थांबा म्हणत नव्हता. नणंद वळली. सासूबाई खोलीच्या मधोमध उभ्या होत्या, कशालाच न टेकता.

“मला विचार,” त्या म्हणाल्या.

इतक्या वर्षांत हा प्रश्न नणंदेनं आईला कधी विचारलाच नसावा, कारण तो विचारताना ती लहान मुलीसारखी अडखळली. “कुठं राहायचंय तुला, आई?”

“बसा सगळे,” सासूबाई म्हणाल्या. “सांगते.”